कोणाचा औंदा?

काकूंच्या हातात कुठलाही कागद द्या, त्या तो आधी उलटा करायच्या. शेवटचं पान नाकाजवळ धरून सावकाश वाचायच्या आणि मग ठरलेला प्रश्न यायचा, "औंदा म्हणजे कोणाचा औंदा?"

औंदा म्हणजे यंदा. विक्रोळीत चाळीस वर्षं काढूनही काकूंची मालवणी जागची हलली नव्हती. आमच्या शेजारी एकट्याच राहायच्या. नोकरी कारखान्याच्या टाइम ऑफिसात, कामगारांच्या रजा मांडायची. रजेचं वर्ष जानेवारीला सुरू व्हायचं, कामगारांचं गुढीपाडव्याला. "यंदाची रजा शिल्लक आहे" म्हणत गावी गेलेले आणि पगार कापल्यावर डोक्याला हात लावून बसलेले पुष्कळ जण त्यांनी पाहिले होते. निवृत्तीनंतर मजल्यावरचा प्रत्येक कागद त्यांच्या नजरेखालून जायचा, विम्याचा असो नाहीतर पोरांच्या क्लासचा. तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेल. नसेल तर वाईट वाटून घ्या.

माझी वाट लागता लागता राहिली ती अशी. दिंडोशीचा दिन्या माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्याकडे एका हॉलिडे क्लबचं सभासदत्व होतं. वर्षातून एक आठवडा डोंगरावर खोली आणि दरवर्षी देखभालीचं शुल्क. मुलं परदेशी गेल्यावर त्याने ते मला विकायला काढलं.

"यंदाचं शुल्क मी भरलंय रे. तेवढं किमतीत धर, बाकी बिनधास्त घे."

लग्नानंतर मी बायकोला कुठेच नेलं नव्हतं. भर मे महिन्यात ती स्वेटर शोधायला लागली.

काकूंनी दिन्याची पावती उलटी केली. "पैसे एप्रिलात भरल्यान. पण खयपर्यंतचे, ता वाच."

मागे बारीक अक्षरात होतं: थकलेलं शुल्क, तीस जूनपर्यंत. क्लबचं वर्ष जुलैला सुरू होत होतं, आणि सरत्या वर्षाचा आठवडा दिन्या दिवाळीतच राहून आला होता. म्हणजे त्याच्या सुट्टीचे पैसे मी देणार आणि महिन्याभरात माझे पुन्हा भरणार.

माझं डोकं फिरलं. दिन्याला फोन लावला. इतक्या वर्षांत बोललो नव्हतो असं काहीतरी बोलणार, तोच काकूंनी फोन काढून घेतला.

"झिला, तू खोटा बोलूक नाय, चुकलंस. तुझा औंदा पाडव्याक सुरू झाला, क्लबाचा जुलैत होतला."

पलीकडून दिन्या म्हणाला, "आयला, मी पण तेच धरून चाललो होतो ना काकू. मागे वाचलंच नाही."

"जो रवतलो तो भरतलो. एवढाच."

जो राहील त्याने भरायचं, म्हणून ते शुल्क किमतीतून गेलं. शिवाय मागची काही बाकी नाही असं क्लबचं पत्र येईपर्यंत काकूंनी मला सही करू दिली नाही. पत्र आणायला दिन्या स्वतः गेला. पैसे वाचले त्याचा आनंद झालाच, पण माझा मित्र वाचला हे मी कधी विसरलो नाही. चूक दाखवताना समोरच्याला चोर न ठरवणं फार थोड्यांना जमतं.

बायको म्हणाली, "काकू, आता तुम्हीही चला आमच्याबरोबर." गाव आणि विक्रोळी सोडून काकूंनी काही पाहिलंच नव्हतं. चक्क लाजल्या. "औंदा येतंय," म्हणाल्या. आम्ही डिसेंबरचा आठवडा घेतला, तीन खाटांची खोली. काकूंनी बायकोचा जुना स्वेटर घालून पाहिला आणि बाह्या लांब होतात म्हणून आत दुमडून टाके घातले.

गणपतीला त्या नेहमीसारख्या भावाकडे गावी गेल्या. आठवड्याने भावाचा फोन आला. रात्री झोपल्या त्या सकाळी उठल्याच नव्हत्या.

डिसेंबरात आम्ही दोघंच गेलो. बायकोने तो स्वेटर तरीही बॅगेत घेतला होता. आठवडाभर तो तिसऱ्या खाटेवर घडी घातलेला होता, बाह्यांना काकूंचे टाके तसेच. "औंदा येतंय" म्हणाल्या तेव्हा आम्ही खूश झालो. कोणाचा औंदा, ते विचारायचं राहून गेलं.