उतारावरची साखळी

सूर्य डोक्यावर आला तेव्हा शेत चार गुंठ्यांनी वाढलेलं होतं.

शेत माझं नव्हे. पालीच्या वरच्या अंगाला, राजगडाच्या पायथ्याशी, धोंडीबा नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं ते नाचणीचं वावर. मोजणीच्या परीक्षेत ते माझ्या वाट्याला आलं होतं. मी तीन वेळा हिशेब केला आणि तिन्ही वेळा एक एकर बत्तीस गुंठे आले. बांधावर बसलेला धोंडीबा मात्र एक एकर अठ्ठावीसवर ठाम होता.

"आज्याच्या येळेपास्नं अठ्ठावीस हाये. जमीन काय पावसानं फुगतीया व्हय, भाऊसाहेब?"

मला राग आला. मोजमाप हे माझं चौदा वर्षांचं काम होतं आणि त्यात मला कुणी शिकवलेलं खपत नसे.

भोरजवळच्या धरणावर मी मेजरमेंट कारकून होतो. गवंड्यांनी आठवड्यात किती दगडकाम केलं ते टेपनं मोजायचं आणि मेजरमेंट बुकात उतरवायचं, एवढंच काम. धरण पुरं झालं. एका शनिवारी साहेबांनी आम्हा सगळ्या कारकुनांना ऑफिसच्या व्हरांड्यात उभं केलं, सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं आणि एकेक सर्टिफिकेट हातात दिलं. धरणावरच्या माणसाचं असंच असतं. काम जितकं चोख, तितका तो लवकर रिकामा.

माझं वय तेव्हा चाळीस. बरोबरचे काही लोक लांब सिंध प्रांतात नव्या कामावर निघाले. मीही ट्रंक काढली. बायकोनं ती परत माळ्यावर टाकली.

"तुमी खुशाल जावा. म्या न्हाई येनार. चौदा वर्सं पत्र्याच्या खोलीत काढली, तेवडी लई झाली."

त्याच सुमारास भोर संस्थानच्या कचेरीनं मोजणीदारांचा वर्ग काढला. सहा महिन्यांचा अभ्यास आणि शेवटी परीक्षा. पास होणाऱ्याला नोकरी. उमेदवार पंचवीस वर्षांच्या आतला हवा, अशी अट होती. मी अर्ज घेऊन थेट कचेरीतल्या मोठ्या साहेबांपुढे उभा राहिलो.

"मुलं किती?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"मग त्यांना शाळेत घालायचं सोडून स्वतःच आलात?"

मी धरणाचं सर्टिफिकेट पुढं केलं. ते त्यांनी दोनदा वाचलं आणि अर्जावर सही केली. "एकदाच. नापास झालात तर पुन्हा अर्ज आणायचा नाही."

वर्गात सतरंजीवर मी शेवटी बसायचो, कारण तिथं भिंतीला पाठ टेकता येई. मुलं मला काका म्हणायची. शिकवणारे दातार मास्तर माझ्याहून दहा वर्षांनी लहान होते. पहिल्या दिवशी त्यांनी साखळी दाखवली. लोखंडी कड्यांची, तेहतीस फुटांची. रुपयासारखेच तिचे सोळा आणे पाडलेले. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. पुढं ते उतारावरच्या मोजणीबद्दल बरंच काही बोलले. मी ऐकलं नाही. माझ्या मते मला ते येत होतं. सराव नदीकाठच्या सपाट रानात व्हायचा आणि तिथं माझाच पहिला नंबर.

तर, धोंडीबा. मी चौथ्यांदा हिशेबाला बसलो तेव्हा तो म्हणाला, "मागल्या येळेला मोजणीदार आला व्हता, त्यो साखळी हवेत धरायचा. तुमी भुईला का घासताय?"

माझी पेन्सिल थांबली.

जमीन वरून पाहिल्यासारखी मोजायची असते. उतार कितीही असो, साखळी पाण्याच्या पातळीसारखी आडवी धरायची, खालच्या बाजूचं टोक हातानं उचलायचं आणि तिथून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करायची. मास्तर पहिल्या दिवशी हेच बोलत होते. धरणावर नेमकं उलटं. तिथं तिरप्या बाजूवर दगड बसवला की तिरप्या अंगानंच मोजायचा, नाहीतर गवंडी अंगावर धावून येत. चौदा वर्षांची सवय हाताला होती आणि हातानं मला विचारलं नाही. सकाळभर मी साखळी उतारावर लोळवत नेली होती. ओळंबा पिशवीतच होता.

संध्याकाळी नकाशा पालीच्या चावडीवर द्यायचा होता. साखळी उचलत, ओळंबा सोडत पुन्हा मोजायला दुप्पट वेळ लागून दुसऱ्या दिवशीची दुपार झाली असती. अर्धवट नकाशा म्हणजे नापास आणि नापास म्हणजे माळ्यावरची ट्रंक खाली. बायको येणार नव्हती. मुलांना वर्षातून एकदा पाहायचं, या विचारानं मी घाबरलो. खरंच घाबरलो.

उत्तर मला ठाऊक होतं, धोंडीबानं ते सकाळपासून दहा वेळा सांगितलं होतं. मी चारही बाजू सारख्या प्रमाणात थोड्या थोड्या आखडल्या. क्षेत्र बरोबर एक एकर अठ्ठावीस गुंठे आलं. नकाशा शाईनं काढला. अक्षर माझं चांगलं आहे.

"झालं व्हय?" धोंडीबा म्हणाला.

"झालं."

"साखळी न उचलताच?"

मी नकाशा गुंडाळला.

चावडीवर दातार मास्तर जुना नकाशा उघडून बसले होते. माझा नकाशा त्यांनी त्याच्या शेजारी ठेवला. क्षेत्र पाहून मान हलवली. मग त्यांचं बोट वरच्या बांधावर थांबलं.

"हा बांध किती मोजलात, जाधव?"

"तीन साखळ्या चौदा आणे."

"तो उताराला आडवा आहे. सपाट. आंधळ्यानं मोजला तरी चार साखळ्या भरेल. दोन आणे कुठं गेले?"

त्यांनी दोन्ही नकाशे माझ्याकडे वळवले.

"लांबीच्या बाजू उतारावर आहेत, त्या चुकल्या असत्या तर मी समजलो असतो. तुमचं क्षेत्र बरोबर आलंय आणि शेत चुकलंय." त्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. "दुसऱ्या कुणी केलं असतं तर मला एवढं वाईट वाटलं नसतं."

मी नापास झालो. वर्गातली निम्मी मुलं पास झाली, त्यातल्या एकाला गुणाकार मीच शिकवला होता.

चार दिवसांनी मास्तरांच्या घरी गेलो. त्यांनी बसायला पाट दिला. म्हणाले, "वर्गात घेणं माझ्या हातात नाही. पुढच्या वर्गाला साखळी ओढायला माणूस लागतो. ते काम आहे."

घरी सांगितलं. बायको भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"वडा मंग," ती म्हणाली. "हितं तर ऱ्हाल."

सहा महिने मी साखळी ओढली. वेल्ह्याकडच्या डोंगरउतारांवर, विशीतल्या मुलांच्या हुकमानं. ‘काका, अजून वर. काका, हलू नका.’ साखळीचं टोक छातीपर्यंत उचलून धरलं की खांद्यातून कळ निघते. ती धरणाची सवय माझ्या डोक्यातून नाही, खांद्यातून गेली. शेवटी शेवटी साखळी जरा कलली तरी मला डोळे मिटून समजायचं. मुलांना नाही समजायचं. मी सांगायचो नाही, मास्तर सांगतील म्हणून वाट पाहायचो.

पुढच्या परीक्षेला मास्तरांनी साहेबांकडून माझ्यासाठी परवानगी आणली. काय बोलले कोण जाणे. या वेळचं शेत वेल्ह्याजवळ, आधीच्यापेक्षा उभं. मालकानं सांगितलं, तीस गुंठे. माझे साडेएकोणतीस आले. दोन्ही बाजूंनी पुन्हा मोजलं. साडेएकोणतीस. अर्धा गुंठा कुठं घुसवता येईल हे मला पेन्सिल न उचलताही दिसत होतं. मी तसाच नकाशा दिला.

मास्तरांनी तो जुन्या नकाशाशेजारी ठेवला.

"जुळत नाही."

"नाही."

"मग?"

"मी मोजलं ते एवढंच आहे."

त्यांनी एकेक बाजू ताडून पाहिली. बराच वेळ लागला. मग सही केली.

"एवढा फरक चालतो. साखळी ताणते, माणूस दमतो," ते म्हणाले. "तंतोतंत जुळलं असतं तर उद्या पुन्हा पाठवलं असतं."

एकेचाळिसाव्या वर्षी मी मोजणीदार झालो आणि पेन्शनीपर्यंत त्याच डोंगरांत जमिनी मोजल्या. माझ्या हाताखाली बरेच उमेदवार शिकले. माणसाला नवीन काम येत नसेल तर त्याचं फारसं काही नसतं, ते शिकवता येतं. जुनं काम फार चांगलं येत असेल तर वेळ लागतो. आणि एखाद्याचा नकाशा जुन्या नोंदीशी गुंठ्याआण्यानं जुळला, की मी शाबासकी देत नसे. विचारायचो, "शेतावर गेला होतास का?"