घरं जोडणाऱ्या काकू

कुणाचंही घर पाहायला गेल्या की काकू आधी स्वयंपाकघरात शिरायच्या आणि नळ सोडायच्या. "पाणी कसं आहे ते बघू दे, बाकी फोटोत दिसतंच."

तुमच्याही इमारतीत अशा एखाद्या काकू असतील. आमच्या काकू ठाण्यात बाळकुमला माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी सुट्टीपुरती घरं अदलाबदल करून द्यायचा व्यवसाय काढला. तुम्ही आठवडाभर कोकणातल्या कुटुंबाच्या घरी, ते तुमच्या घरी. भाडं नाही, दोन्हीकडून काकूंना थोडी फी. "आयुष्यभर लोकांच्या लायनी जोडल्या, आता घरं जोडते," म्हणायच्या. फोटो आणि मेसेजचं काम माझ्याकडे होतं.

ठाण्याला सुट्टीत कोण येणार, असं मी विचारलेलं. "ज्याच्या दारात समुद्र आहे, त्याला मॉल बघायचा असतो," त्या शांतपणे म्हणाल्या. आणि लोक खरंच आले.

डोंबिवलीच्या एका आजोबांनी पाहुणे यायच्या आधी सगळ्या कपाटांना कुलपं घातली, फ्रीजलासुद्धा. काकू समोर उभ्या राहिल्या. "अहो, घर देताय की पहारा बसवताय?" निदान फ्रीजचं तरी कुलूप निघालं. आजोबा परत आले तेव्हा त्यांच्या दाराची कित्येक वर्षं अडकणारी कडी सांगलीच्या पाहुण्यांनी दुरुस्त करून ठेवली होती. त्यानंतर आजोबा स्वतःच इतरांना समजवायला लागले.

पण काकू कोण होत्या, ते मला शहाडच्या कुटुंबामुळे कळलं. नवरा-बायको आणि सासूबाई. बायको नर्स. सासूबाईंना समुद्राजवळ राहायचं होतं. "चौपाटीवर जाऊन परत यायचं नाही," त्या म्हणाल्या होत्या, "पडल्या पडल्या समुद्र ऐकायचा." काकूंनी त्यांच्यासाठी दापोलीजवळचं घर ठरवलं. आमच्याकडचं सगळ्यात जास्त मागणीचं घर.

शहाडच्या घराचे फोटो पाठवल्यावर दापोलीच्या मालकांचा फोन आला. फोटोत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते.

"माणसं चांगलीच असतील हो, काकू. पण आमच्या आईचं सोवळं असतं. तुम्ही त्यांना सांगा ना, तारखा जमत नाहीत म्हणून."

काकू म्हणाल्या, "तुमचं घर मी आजपासून काढून टाकते."

"अहो, तुमचाच तोटा आहे."

"माहीत आहे मला."

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन शहाडला गेल्या. मी वाटेत म्हणालो, फोनवर सांगितलं तरी चाललं असतं. तिथे गेल्यावर, चहा यायच्या आधीच, काकूंनी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं आणि माफी मागितली.

त्या नर्सबाई म्हणाल्या, "असं होणं आम्हाला नवीन नाही, काकू. कुणी घरी येऊन खरं सांगणं नवीन आहे."

सासूबाई फक्त म्हणाल्या, "समुद्र कुठे जात नाही. बसा, चहा घ्या."

परत आल्यावर काकू फोन घेऊन बसल्या. किनाऱ्यावरच्या एकेका घरी फोन लावून आधी घडलेली हकीकत सांगायच्या, मग विचारायच्या. बरेच जण म्हणाले, "घरात विचारून कळवतो." मुरुडच्या एका एकट्या बाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "येऊ देत की. फक्त मांजराला दूध घालायला सांगा. मला ठाण्याच्या टेंभी नाक्याची देवी बघायचीच होती."

नवरात्रात अदलाबदल झाली. सासूबाईंनी काकूंना मुरुडहून फोन केला. बोलल्या काहीच नाहीत, नुसता खिडकीबाहेर धरून ठेवला. काकू डोळे मिटून ऐकत राहिल्या.

दापोलीवाल्यांच्या ओळखीतली बरीच घरं त्या वर्षी यादीतून गेली. काकूंनी एकालाही परत बोलावलं नाही. नवीन माणसाला पहिल्याच फोनवर सांगायच्या, "समोरच्याचं आडनाव बघून ठरवायचं असेल, तर लॉजमध्ये राहा." हळूहळू वेगळी माणसं येत गेली.

गेल्या हिवाळ्यात आजारपणात काकू गेल्या. आपलं घर बंद ठेवायचं नाही, असं त्यांनी मुलाला बजावून ठेवलं होतं. काम आता मी बघतो.

या मे महिन्यात त्यांच्या घरात साताऱ्याचं कुटुंब उतरलं. पहिल्या सकाळी मी दुधाची पिशवी घेऊन बेल वाजवली. ओल्या हातांनी एका बाईंनी दार उघडलं. आतून हसण्याचे आवाज येत होते.

"कोण हवंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

ओठांवर 'काकू' आलं होतं. मग मी पिशवी पुढे केली.