खैरानला जाताना लावलेलं तेल

माझी मुलगी कॅरिबियन समुद्रातल्या एका लहानशा बेटावर होती. पाठीवर हवेची टाकी बांधून लोकांना पाण्याखाली न्यायचं, हे तिचं काम. आम्ही दोघं तेव्हा कुवेतला, सबाह अल-सालेमच्या फ्लॅटमध्ये. आमचे हे तेलकंपनीत इंजिनियर. मी घरात, आणि जीव त्या बेटावर.

दोन वर्षांनी ती आठ दिवसांसाठी आली, तेव्हा तिथल्या समुद्राची सीडी घेऊन आली. टीव्हीवर लावली, तर काय सांगू! जांभळी, पंख्यासारखी पोवळी, त्यांच्यामधून सावकाश जाणारं कासव. आणि पोपटासारख्या चोचीचे हिरवेनिळे मासे पोवळी कुरतडत होते. चकली खावी तसा कुरुम कुरुम आवाज! मी तेवढंच चारदा मागे नेऊन बघितलं. मुलीने पकडलंच मला.

"आई, शुक्रवारी बाबांना सुट्टी, खैरानच्या समुद्रावर जाऊ. तुला पाण्याखाली नेते. तिथल्याएवढे रंग नाहीत, पण मासे दाखवते."

मी वरवर नको नको म्हटलं. मनातून मला जायचंच होतं. पोरीला माझ्यापासून एवढं लांब ओढून नेणारं तिथे खाली आहे तरी काय, ते एकदा तिचाच हात धरून बघायचं होतं. शनिवारी तिचं परतीचं विमान.

आणि शुक्रवारी सकाळी मी काय करावं? खाऱ्या पाण्याने तिच्या केसांचा पार काथ्या झालेला. बसवली पुढ्यात, कोमट खोबरेल तेल चांगलं जिरवलं. वाटीत उरलं ते माझ्या डोक्यावर थापलं. लहानपणी सुट्टीच्या दिवशी हाच नेम होता आमचा. तीही डोळे मिटून बसली.

खैरानला छातीभर पाण्यात उभी राहिले, तर मास्कचा पट्टा डोक्यावर ठरेना. कपाळावर तेल ओघळलेलं, मास्क चेहऱ्याला चिकटेना. वाकले की नाकातोंडात पाणी.

किनाऱ्यावरून हे ओरडले, "अगं, समुद्राला फोडणी देतेयस का?"

मुलगी हसून बेजार. तिचाही मास्क घसरत होता. "आई गं, लोकांना मीच सांगते, तेल लावून येऊ नका म्हणून!"

हे गाडी काढून साबण घेऊन आले. डोकी धुऊन होईपर्यंत वारा सुटला, पाणी गढूळ झालं. त्यात स्वतःचा हातही दिसेना. तिने मास्क पिशवीत भरले. "पुढच्या खेपेला नक्की," म्हणाली.

ती खेप दर वर्षी पुढे जात राहिली. कुवेतमध्ये होतो तोवर शुक्रवारी मी डोक्याला तेल लावलं नाही. हे म्हणायचे, "केस बघ, सुके बोंबील झालेत."

"असू देत," मी म्हणायचे. "आली अचानक, तर?"