चौदा नंबरच्या बाई आणि दोन होकार

चौदा नंबरची बस चालवणाऱ्या बाईंची मुलगी एकाच आठवड्यात दोन शाळांच्या प्रवेश परीक्षा पास झाली आणि घरातली शांतता गेली.

दोन्ही शाळा मुलींच्या, दोन्ही नावाजलेल्या. नव्वद जागा असायच्या आणि हजारभर मुली परीक्षेला बसायच्या. बाईंनी मनाची तयारी केली होती ती नकाराची. इकडून नाही, तिकडूनही नाही, मग घरामागची साधी शाळा. पोरीची समजूत कशी काढायची तेसुद्धा त्यांनी गाडी चालवता चालवता ठरवून ठेवलं होतं. दोन्हीकडून हो येईल, हे काही त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. सोमवारी पत्रं आली. शुक्रवारी संध्याकाळच्या आत उत्तर कळवायचं होतं.

मुलगी अकरा वर्षांची. घरात तिला ‘वकील’ म्हणत, कारण झोपायला जा म्हटलं तरी ती आधी बाजू मांडायची. बाईंचे यजमान एका दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि नकली दात बनवायचे. दिवसभर मेण, प्लास्टर आणि दुसऱ्यांचे जबडे. माणूस अबोल, पण कामात असा तरबेज की दातांचे डॉक्टर त्यांचंच नाव घेऊन काम पाठवत. आणि तिसरी होती यजमानांची थोरली बहीण, सगळ्यांची ताई. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि मत द्यायला बोलावणं लागत नसे.

‘‘यात ठरवायचं काय आहे?’’ सोमवारी संध्याकाळी खुर्चीत बसायच्या आधीच ताई म्हणाल्या. ‘‘टेकडीवरची शाळा. निकाल बघा, इमारत बघा. त्या शाळेच्या मुली कशा, चालतानासुद्धा आवाज होत नाही.’’

‘‘तेच तर,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आवाजच होत नाही.’’

चौदा नंबरची बस पुलाजवळच्या शाळेवरून पुढे टेकडीवरच्या शाळेपर्यंत जाते. सात वर्षं बाई त्याच मार्गावर होत्या. दोन्ही शाळांच्या पोरी रोज त्यांच्या डोक्यावरच्या आरशात दिसत, आणि त्यावरून बाईंनी आपलं मत कधीच पक्कं करून टाकलं होतं. पुलाजवळच्या पोरी म्हणजे फाटक्या पिशवीतून वाटाणे सांडावेत तशा आत शिरायच्या. हॉकीच्या काठ्या, दप्तरं, कुणाचा एक मोजा खाली, कुणाची वेणी अर्धी सुटलेली, आणि उतरताना सगळ्यांचा गलका, ‘‘थँक्यू काकू!’’ टेकडीवरच्या मात्र एकामागून एक चढायच्या, बसायच्या, पुस्तक उघडायच्या. मान वर नाही. तोंडाला कुलूप. ही काय पोरं म्हणायची? बाईंना त्यांची दयाच यायची.

‘‘अहो, तुम्ही बोला ना काहीतरी,’’ त्या यजमानांकडे वळल्या. ‘‘टेकडीवरच्या शाळेच्या सभेला तुम्ही गेला होतात. मुख्याध्यापिका काय म्हणाल्या?’’

यजमान कानापर्यंत लाल झाले. ‘‘मला नाही सांगता यायचं.’’

‘‘म्हणजे? दीड तास बसला होतात!’’

बऱ्याच आढेवेढ्यांनंतर कबुली आली. मुख्याध्यापिका बोलायला उभ्या राहिल्या, हसल्या, आणि यजमानांना त्यांचे समोरचे दोन दात दिसले. ते त्यांच्याच हातचे होते. कडेला किंचित झीज दाखवलेली, रंग अगदी शेजारच्या दातासारखा. आठ दिवस खपून केलेलं काम. त्यानंतर यजमानांना भाषणातला एक शब्द कळेल तर शपथ. ते फक्त स आणि श ऐकत बसले.

‘‘दात जरा जरी लांब झाला ना, तर स म्हणताना शिट्टी वाजते,’’ ते म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका आनंद क्वचितच असायचा. ‘‘त्या ‘शिस्त’ म्हणाल्या. ‘सातत्य’ म्हणाल्या. ‘सुसंस्कृत’सुद्धा म्हणाल्या! एकदाही शिट्टी नाही. आणि हे बाहेर कुणाला सांगायचं नाही हं. धंद्याचं इमान असतं.’’

बाईंची हसून हसून पुरेवाट झाली. वकीलही हसली. ताईंनी मात्र कपाळाला हात लावला. ‘‘पोरीचं आयुष्य ठरतंय आणि तू दात मोजतोस!’’

मंगळवार असाच वादात गेला. ताई निकालांची कात्रणं घेऊन आल्या आणि कात्रणं टेबलावर ठेवून गेल्या. बुधवारी दुपारी चार वाजता, टेकडीवरच्या शाळेच्या पोरी घेऊन उताराला लागायच्या आधीच, बसमध्ये लाल दिवा लागला. इंजीन तापलं होतं. बाईंनी गाडी हळूच कडेला घेतली, डेपोला कळवलं. दुसरी गाडी यायला चाळीस मिनिटं लागणार होती.

‘‘गाडी बंद पडली आहे,’’ त्यांनी उठून सगळ्यांना सांगितलं. आता चाळीस मिनिटं पानं उलटल्याचा आवाज ऐकायचा, अशी त्यांची खात्री होती.

पहिल्याच बाकावरच्या उंच मुलीने पुस्तक मिटलं. ‘‘काकू, आम्ही काही करू का?’’

मागे एक आजीबाई दोन जड पिशव्या घेऊन बसल्या होत्या. त्यांचं घर तिथून तीन थांबे खाली, आणि घरी आजोबा एकटे, त्यांच्या औषधाची वेळ झालेली. आजी काळजीत पडल्या. कुणी काही सांगायच्या आत दोन मोठ्या मुलींनी पिशव्या उचलल्या, तिसरीने आजींचा हात धरला आणि चौघी पायी निघाल्यासुद्धा. उरलेल्या पोरी खाली उतरल्या, भिंतीशी रांगेत बसल्या, आणि मग जे सुरू झालं त्याने बाईंचे डोळेच विस्फारले. चष्मा लावलेली एक बारकी पोरगी आपल्या गणिताच्या बाईंची नक्कल करू लागली. खडू शोधणं, तो कानामागेच सापडणं, फळ्याशी भांडणं. हुबेहूब. पोरी एकमेकींच्या अंगावर लोळत होत्या. रस्त्याने जाणारा पोस्टमन सायकल थांबवून उभा राहिला.

बाईंना राहवेना. त्यांनी उंच मुलीला विचारलं, ‘‘अगं, तुम्ही बसमध्ये कधी तोंड का उघडत नाही? मला वाटायचं, शाळेत तुम्हाला फार धाकात ठेवतात.’’

‘‘धाकात?’’ मुलीला कळेचना. ‘‘नाही हो काकू. गृहपाठ बसमध्येच उरकला की संध्याकाळ मोकळी! आणि दिवसभर इतकं बोलतो आम्ही की चार वाजता घसा बसलेला असतो.’’

सात वर्षांचं मत चाळीस मिनिटांत धुळीला मिळालं. बाईंना थोडं ओशाळल्यासारखं झालं, पण त्याहून जास्त गंमत वाटली. आपण रोज बघतो म्हणजे आपल्याला कळतं, असं उगाच धरून चाललो होतो, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं. घरी आल्या त्या टेकडीच्या शाळेचं गुणगान गातच. ताईंना फोन करून म्हणाल्या, ‘‘तुमचंच बरोबर होतं.’’ पलीकडून ताईंनी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. त्यांच्या आयुष्यात असं कुणी इतक्या सहज म्हणालं नव्हतं.

‘‘झालं तर मग,’’ बाई जेवताना म्हणाल्या. ‘‘टेकडीवरची शाळा.’’

‘‘मी पुलाजवळच्या शाळेत जाणार आहे,’’ वकील म्हणाली.

घास हातातच राहिला. ‘‘अगं, कधी ठरवलंस?’’

‘‘परीक्षेच्या दिवशीच.’’

‘‘मग तीन दिवस गप्प का बसलीस? तू?’’

‘‘तुम्ही मला विचारलंच नाही. आत्याला विचारलंत, बाबांना विचारलंत, बसमधल्या मुलींनाही विचारलंत.’’

यजमानांनी मान खाली घातली. बाईंनी हातातला घास ताटात ठेवला. खरंच, या गडबडीत जिला जायचं तीच राहून गेली होती.

‘‘सांग बाई,’’ त्या शेवटी म्हणाल्या. ‘‘चुकलं आमचं. का, तेही सांग.’’

मग वकिलाने सांगितलं. पुलाजवळच्या शाळेच्या पेपरात एका गणिताची दोन उत्तरं बरोबर येत होती. तिने दोन्ही लिहिली आणि खाली लिहिलं, ‘हा प्रश्न चुकला आहे.’ घंटा झाल्यावर पेपर गोळा करणाऱ्या बाईंनी ते वाचलं, तिला थांबवलं आणि म्हणाल्या, दाखव कसं. तिने फळ्यावर मांडून दाखवलं. त्या बाई पाच मिनिटं फळ्याकडे बघत उभ्या राहिल्या, आणि मग वर्गाच्या दारातून ओरडल्या, ‘‘अहो, इकडे या सगळे, एका मुलीने आपल्याला पकडलं!’’

‘‘त्या रागावल्या नाहीत?’’ यजमानांनी विचारलं.

‘‘नाही बाबा. खूश झाल्या. तिघी जणी आल्या बघायला. एकीने तर माझ्याशी वाद घातला. हरली.’’ वकिलाने पाण्याचा घोट घेतला. ‘‘टेकडीवरची शाळा पण चांगली आहे. पण मला त्या बाईंच्या वर्गात बसायचंय.’’

पुढे तिने हळूच पुस्ती जोडली, ‘‘आणि मी चालत जाईन. तुझ्या बसने नाही. तू आरशातून बघतेस ते सगळ्या मुलींना माहीत आहे.’’

बाईंनी आधी डोळे वटारले, मग हसू आवरेना. अट मान्य झाली. ताई गुरुवारभर फुरंगटून बसल्या आणि शुक्रवारी सकाळी भाचीसाठी नवी कंपासपेटी घेऊन हजर झाल्या.

त्याच दुपारी, दोन फेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत, बाईंनी डेपोतल्या बाकावर बसून टेकडीवरच्या शाळेला फोन लावला. जागा नको म्हणून सांगायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. एवढ्या मोठ्या शाळेला नाही म्हणायचं, तिथली माणसं काय म्हणतील?

‘‘जागा सोडताय?’’ पलीकडची कारकून बाई जवळजवळ आनंदाने ओरडली. ‘‘बरं झालं हो! प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलीचे वडील रोज फोन करतात. आठवडाभर नाही नाही सांगून माझा जीव मेटाकुटीला आला. आत्ताच लावते त्यांना. ठेवा तुम्ही, ठेवा!’’

फोन खटकन बंद झाला. बाई तो हातात धरून तशाच बसल्या. कुठल्यातरी अनोळखी घरात आता घंटा वाजत असेल, कुणीतरी धावत जात असेल. त्यांना इतकं हसू फुटलं की शेजारी डबा खाणाऱ्या नऊ नंबरच्या ड्रायव्हरने विचारलं, ‘‘काय बाई, लॉटरी लागली की काय?’’

‘‘लागली,’’ बाई किल्ली घेऊन उठत म्हणाल्या, ‘‘पण ज्यांना लागली त्यांच्याशी माझी ओळख नाही.’’