लाल कडेची केबल

काल मी स्वतःच तयार केलेल्या मॉड्यूलला वीज पुरवणारी केबल उलटी लावली आणि आठ दिवस खपून जोडलेलं काम बोटभर धुरात गेलं. मॉड्यूल म्हणजे अ‍ॅनालॉग सिंथेसायझरचा एक तुकडा. असे तुकडे वायरींनी एकमेकांना जोडले की सूर निघतो. ते डिझाइन करणं हा माझा धंदा. म्हणून आधी केबलवर चिडलो, मग टेबलाला लाथ मारली. ती माझ्याच अंगठ्याला लागली.

केबलची लाल कड कुठल्या बाजूला यावी, याची खूण मी मॉड्यूलच्या सर्किट बोर्डावर छापलीच नव्हती. खुणेनं बोर्ड बटबटीत दिसतो म्हणे! आमच्या घरी अकरा बटणांचा स्विचबोर्ड आहे. पंख्याचं बटण शोधताना तो बसवणाऱ्याचा मी रोज उद्धार करतो. ज्याला सगळं ठाऊक असतं, तो दुसऱ्यासाठी एक अक्षर लिहीत नाही आणि वर दुसऱ्यालाच मूर्ख ठरवतो. संताप येतो अशा माणसाचा, आणि काल तो माझ्याच खुर्चीत बसला होता.

गेल्याच आठवड्यात साताऱ्याच्या एका संगीतशिक्षकांनी माझ्याकडून घेतलेलं याच जातीचं मॉड्यूल असंच केबल उलटी लावून जाळलं. "डोळे उघडे ठेवून जोडा की हो मास्तर!" म्हणून मी फोनवर गरजलो होतो. ते बिचारे म्हणाले, "चुकलंच माझं."

जळका वास आणि माझं 'उलटीच लावली!' असं वैतागणं स्वयंपाकघरात पोचलं, तशी बायको माझा फोन घेऊन आली.

"मास्तरांना लावा," ती म्हणाली, "आणि आवाज त्या दिवशीइतकाच मोठा ठेवा. तुमचं ओरडणं मला आत ऐकू आलं होतं, माफीही ऐकू आली पाहिजे."