सासूबाईंची सायकल आणि माझी स्कूटर

आज घोडेगावात सासूबाईंनी सायकल घेतली. कशी घेतली, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

त्या साठीच्या. माहेरी शाळेला सायकलने जायच्या, नंतर चाळीस वर्षं हात लावला नाही. पण मळ्यात जायला रोज मुलाला "सोड रे" म्हणायचा आता कंटाळा आलाय.

दुकानदाराने गिअरची सायकल पुढे केली. "मावशी, चढाला लई हलकी जाते." मला तर ती बघताक्षणी आवडली.

सासूबाईंनी पदर खोचला, सीटवर बसल्या आणि लगेच उतरल्या. दुसरीवर तेच, तिसरीवरही तेच.

"अहो, चालवून तरी बघा," दुकानदार म्हणाला.

"चालवायचं इसरत न्हाई, भाऊ. पर गुडघं दुखत्यात. वाटंत गुरं आडवी आली तर झटक्यात पाय टेकला पायजे."

शेवटी मधली दांडी नसलेली एक साधी, बुटकी सायकल त्यांनी निवडली. सीट आणखी खाली घ्यायला लावली. दोन्ही पाय टेकले, तेव्हा कुठे हसल्या. मग घरापर्यंत स्वतः चालवत आल्या. मी मागे स्कूटरवर.

दारात मी नेहमीसारखी तिरकी होऊन, एका पायाच्या बोटांवर स्कूटर सावरत थांबले. त्या बघत होत्या.

"तुजी गाडी कुणी निवडली गं?"

"यांनी."

त्यांनी माझ्या स्कूटरच्या उंच सीटवर हात ठेवला. सहा वर्षं मी समजत होते, माझीच उंची कमी आहे.

तुमची गाडी घेताना तुम्हाला कुणी बसवून बघितलं होतं का?