पेटीच्या कडीची लाल चिंधी

जमिनीचा चढउतार मोजण्याच्या एका दुर्बिणीच्या, म्हणजे लेव्हलच्या, पेटीच्या कडीला बांधलेली लाल चिंधी मी एके सकाळी सोडली आणि खिशात घातली. माझ्या हातून घडले ते एवढेच, आणि ते मी कित्येक वर्षे पत्नीलाही सांगितले नाही. पुष्कळ वर्षे मी मनाशी त्याला चूक म्हणत आलो. पण चूक नकळत होते. मी मात्र आधी दारापर्यंत जाऊन व्हरांड्यात कोणी नाही ना हे पाहिले होते, आणि मग परत येऊन गाठ सोडली होती.

त्या काळी मी नागपुरात बांधकाम खात्याच्या एका उपविभागात मोजणीच्या यंत्रांचे भांडार सांभाळत असे. बांधकामावर देखरेख करणारा ओव्हरसियर होण्याची इच्छा होती. परीक्षेत दोनदा नापास झालो आणि भांडाराची जागा मिळाली ती पत्करली. काटोलला वडील संत्र्याची बाग करीत. त्यांना मी नापास झाल्याचे सांगितले नव्हते. ‘साहेबांच्या हाताखाली मोजणीचे काम करतो,’ असे सांगितले होते, आणि ते गावात अभिमानाने तसे सांगत.

कामावरून परत आलेले प्रत्येक यंत्र पुन्हा बाहेर जाण्यापूर्वी तपासायचे, हे माझे काम. भांडारामागच्या अंगणात दोन खुंट्या कायम ठोकलेल्या असत. लेव्हल प्रथम त्यांच्या बरोबर मध्ये लावायची आणि दोन्ही खुंट्यांवर उभ्या धरलेल्या पट्टीवरचे आकडे वाचायचे. मग ती एका खुंटीजवळ नेऊन पुन्हा वाचायचे. दोन्ही वेळचा फरक सारखा आला तर यंत्र खरे. मध्ये लावले असता बिघडलेले यंत्रही खरा फरक दाखवते, कारण त्याची खोट दोन्हीकडे सारखी पडते. एका बाजूला नेले की मात्र उघडे पडते. तपासणीचा निकाल पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या कार्डावर माझ्या सहीने जाई. कार्ड कोणी वाचत नसे. म्हणून नापास यंत्राच्या पेटीला, दुरुस्ती होईपर्यंत, लाल चिंधी बांधण्याची आमच्याकडे रीत होती. चिंधी नसली की यंत्र चांगले, असा सर्वांचा विश्वास होता.

आमच्याकडे माझ्याच वयाचा एक ओव्हरसियर होता. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराण्यातला, उंच, आणि जिभेवर सदा थट्टा तयार. एकदा नवे कार्यकारी अभियंता भांडार पाहायला आले. यंत्रांची तपासणी कशी होते, असे त्यांनी मला विचारले. मी आदल्या दिवसापासून त्या प्रश्नाची वाट पाहत होतो. पहिले वाक्य पुरे व्हायच्या आत हा मागून म्हणाला, “त्याले काय विचारता साहेब? पेट्यायचा चौकीदार हाये तो. झाकण उघडता येते त्याले, दुर्बिणीतून पाहाचं काम आमचं!”

साहेब हसले. कारकून हसले. मीही हसलो. मला हसायला लावल्याबद्दल मी त्याला कधीच क्षमा करणार नाही, असे मी त्याच क्षणी ठरवले.

त्या दिवसापासून मी चौकीदार झालो. “चौकीदार, पेटी काढ गा,” “चौकीदाराले चहा द्या बे!” असे दिवसभर चाले. तेही मी सोसले असते. पण पुढच्या बहारात वडील बसने संत्र्यांची टोपली घेऊन थेट ऑफिसात आले. दारावरच्या चपराशाला त्यांनी माझे नाव सांगितले. चपराशी म्हणाला, “अरे, चौकीदार का? बसला हाये मांगं.” वडिलांनी टोपली माझ्या टेबलाशी ठेवली, धोतराच्या सोग्याने तोंड पुसले आणि हळूच विचारले, “तू त म्हणत होता का मोजणी करतो. हे चौकीदार काय हाये, बापू?”

मी त्यांच्यासाठी पाणी आणायला उठलो. ते पाणी पिऊन पुढच्या बसने परत गेले. ती संत्री मी कोणाला वाटली नाहीत. टोपलीतच सडू दिली.

पुढचे कित्येक महिने मी सुडावरच जगलो, असे आज म्हणतो तेव्हा त्यात अतिशयोक्ती नाही. भिंगे पुसताना, तिपाईच्या पायांना तेल देताना मी त्याची फजिती मनात रचत असे. ती चारचौघांत व्हायला हवी, साहेबांसमोर व्हायला हवी, आणि त्याला त्या वेळी हसावे लागायला हवे. मी मृदू बोलणारा माणूस म्हणून ओळखला जात होतो. माझा आवाज खरोखरच मृदू होता. आत काय चालले आहे ते कळू न देण्याची ती सोय होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका कामावरून एक लेव्हल आपटून परत आली. अंगणात तपासली. लांबच्या खुंटीवर तिची नजर वर चढत होती. अंतर वाढेल तशी खोट वाढणार. मी चिंधी बांधली. त्याच आठवड्यात त्या ओव्हरसियरची लेव्हलसाठी मागणी आली. हुडकेश्वर रस्त्याला, तेव्हा तिकडे शेतेच होती, कर्मचाऱ्यांच्या घरांसाठी लांब नाली बांधायची होती. सपाट जमीन, उतार अगदी थोडा. आखणीच्या वेळी सामान पोचवायला मी एकदा तिथे गेलो होतो आणि त्याची पद्धत पाहिली होती. घरांच्या बाजूला एक निंब, म्हणजे कडुनिंब, होता. त्या निंबाखाली तो यंत्र लावी आणि तिथूनच नालीच्या दूरच्या टोकापर्यंतच्या साऱ्या पातळ्या देई. यंत्र उचलून मधोमध नेण्याचे कष्ट त्याला नकोत, असे मी मानले. मधोमध लावणाऱ्याला ती लेव्हल काही करू शकली नसती. निंबाखाली बसणाऱ्याच्या नालीचे दूरचे टोक ती उंच चढवणार होती, त्याला बुडवणार होती.

मी चिंधी सोडली, कार्डावर ‘तपासले, योग्य’ असे लिहिले आणि सही केली. अक्षर नेहमीपेक्षा चांगले आले.

नाली बांधून झाली तेव्हा टँकरने पाणी सोडून तिची परीक्षा ठरली. काही काम नसताना मी साहेबांच्या जीपमध्ये मागे बसून तिकडे गेलो. घरांच्या बाजूने पाणी सोडले. ते काही अंतर गेले, मंदावले, थांबले, आणि मग काडीकचरा घेऊन सावकाश परत फिरले. काठोकाठ भरून ते साहेबांच्या बुटांवर आले. इतके सुंदर दृश्य मी आयुष्यात पाहिले नाही, असे मला त्या क्षणी वाटले.

साहेबांनी लेव्हलची पेटी मागवून कार्ड वाचले. माझ्याकडे पाहिले. “तपासली होती?”

“हो, साहेब.”

मग ते त्याच्याकडे वळले. “यंत्र नंतर कुठं आपटलं असेल. पण ते मधोमध का लावलं नाही? मधे लावलं असतं तर हे झालंच नसतं. शाळेत शिकवतात हे!”

त्याचा म्हातारा खलाशी, म्हणजे मोजणीतला हरकाम्या, बाजूलाच उभा होता. तो काही बोलू पाहत होता. ओव्हरसियरने हाताने त्याला थांबवले. “चूप राह्य, काका.” मग साहेबांना म्हणाला, “माझा आळस, साहेब.” आणि तो हसला. मी रचले होते अगदी तसाच.

नाली फोडून पुन्हा बांधावी लागली. त्याची वेतनवाढ रोखली गेली आणि बदली चांद्याच्या जंगलात झाली. ऑफिसात मला पुन्हा कोणी चौकीदार म्हटले नाही. म्हणणारा गेला होता. मी काटोलला गेलो तेव्हा वडिलांना मोठ्या आनंदाने सांगितले, “ज्यानं मले चौकीदार म्हटलं होतं ना, त्याले हाकललं.” वडील झाडाला आळे करीत होते. “कोणता चौकीदार?” त्यांनी विचारले. ते विसरून गेले होते.

काही काळाने तो खलाशी माझ्याकडे भांडारात कामाला आला. भर उन्हात लेव्हलच्या काचनळीतला बुडबुडा स्थिर राहत नाही, म्हणून यंत्रावर दिवसभर छत्री धरून एका माणसाला उन्हात उभे राहावे लागते. त्या ओव्हरसियरकडे ते काम त्याचे असे. निंबाचा विषय मीच काढला, त्याला टोचावे म्हणून. “तुझा ओव्हरसियर मोठा सावलीचा शौकीन होता, नाही का?”

“थे कायचे शौकीन, बाबू?” तो म्हणाला. “त्याच्या मागच्या साली मले ऊन लागलं होतं. छत्री धरता धरता पडलो. थे म्हणे, काका, आपण निंबाखालीच लावू, तुम्ही बसा. सायबाले सांगतलं असतं त मले कामावरून काढलं असतं ना.”

पश्चात्ताप त्याच वेळी झाला, असे लिहायला मला आवडले असते. मला प्रथम राग आला. त्याने माझा सूडही मला सुखाने भोगू दिला नव्हता. पश्चात्ताप नंतर आला, आणि आल्यावर त्याने घर केले. अंगणातल्या खुंट्यांमध्ये उभा राहिलो की ते परत फिरणारे पाणी मला दिसे. खलाशी वारला तेव्हा मला जी सुटका वाटली, तिची मला आजही लाज वाटते. निंबाचे खरे कारण सांगू शकेल असा एक माणूस कमी झाला होता.

मग, माझी पन्नाशी उलटल्यावर, तो उपअभियंता होऊन आमच्याकडे परत आला. केस पांढरे, जीभ तीच. नव्या पोरांना अंगणात जमवून मी लेव्हलची तपासणी दाखवत होतो. तो फाटकातून आला आणि सर्वांसमोर म्हणाला, “काय गा चौकीदार, अजून पेट्याच सांभाळून राहिला का?”

सारे हसले. इतक्या वर्षांत मनात जुळवून ठेवलेली क्षमायाचना त्या एका शब्दासरशी कुठल्या कुठे गेली. तोच जुना राग पुन्हा पेटला. मी ठरवले, आता मरेपर्यंत सांगायचे नाही.

तो पोरांकडे वळला. “नीट पाहून घ्या रे. यंत्र नेहमी मधोमध लावायचं. मी एकदा निंबाखाली लावलं, तं नालीचं पाणी साहेबाच्या बुटात गेलं. आळस केला की असं होते.”

पोरे पुन्हा हसली. तोही हसला. मेलेल्या खलाशासाठी तो अजूनही तेच सांगत होता, आणि त्याच्या आड मी सुरक्षित उभा होतो. राग गेला नव्हता. तो तसाच असताना मी तोंड उघडले, आणि माझा आवाज मलाच परका वाटावा इतका मोठा निघाला.

“साहेब, आळस नव्हता तो. म्हाताऱ्याला उन्हात उभं करायचं नाही म्हणून तुम्ही निंबाखाली लावलं होतं. ती लेव्हल बिघडलेली होती. मी इथंच तपासली होती, मला माहीत होतं. पेटीची लाल चिंधी मी सोडली, कार्डावर खोटं लिहिलं, तुम्ही बुडावं म्हणून. तुम्ही मला चौकीदार म्हटलं त्याचा राग मला आत्तासुद्धा आहे. तरी पाणी उलटं फिरलं ते माझ्यामुळं. मला माफ करा.”